बुधवारचा जोगवा

सोजरे, तुझ्या दहाव्याला मी भांडून आले.

रडायला गेलेच नव्हते. रडणं मला पहिल्यापासून जमत नाही, ते तुला ठाऊक आहे. नदीवर जायचं, पिंडाला कावळा शिवेपर्यंत बसायचं आणि गुपचूप परत यायचं, एवढंच मनात होतं. पण तुझा बाळू उठून उभा राहिला आणि चार माणसांपुढं हात जोडून म्हणाला, "आमच्या आईनं जन्मभर देवीची सेवा केली. कुणाच्या दारात हात पसरला न्हाय. लोक आपणहून आणून द्यायचे."

आपणहून! माझ्या अंगाचा भडका उडाला. अगं, मागणं हाच तुझा धंदा आणि मागणं हीच तुझी मिजास. कुणी आपणहून दिलं तर तुला ते गोड लागायचं नाही. "म्या हाक मारायच्या आधीच टाकलं," म्हणून कुरकुरायचीस. आणि तुझाच लेक तुझ्या मढ्यामागं ते पुसून टाकायला निघाला!

मी काठी टेकत उठले आणि बोलून टाकलं. नुसतं तुझंच नाही. आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, गावच्या पाटलांनी, एकदा परक्या दारात उभं राहून मागितलं होतं, तेही सगळ्यांदेखत सांगितलं. जे तू मरेपर्यंत गिळून ठेवलंस ते मी घटकाभरात ओकले. आता तू माझ्यावर चिडली असशील. खुशाल चीड. पण आधी माझं ऐकून घे.

आपली ओळख दारातली. मी उंबऱ्याच्या आत, तू बाहेर. तुझी आई राहीबाई आराधीण होती. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट, हातात वेताची परडी. देवीच्या नावानं मागायचं आणि त्यावर जगायचं, हा तुमच्या घरचा रिवाज. तू तिच्या पदराला धरून यायचीस. पीठ वाढायचं काम माझ्याकडं होतं. ज्या दिवशी दळण झालेलं नसायचं किंवा आईचं डोकं दुखत असायचं, त्या दिवशी मी आतूनच ओरडायची, "पुढं जा बाई!" हे मी बोलायला शिकले तेव्हापासून म्हणत आले असेन. राहीबाई निमूट पुढं जायची. तू मागं वळून मला जीभ काढून दाखवायचीस. मीही काढायची. मैत्री झाली ती अशी.

खळ्यावर ज्वारीची रास पडली की दादांपुढं मागणारे यायचे. गोंधळी, पोतराज, फकीर, जंगम, तुम्ही मायलेकी. दादा कुणाला रिकामं लावायचे नाहीत. पण सुपानं ओतताना त्यांची मान वर असायची. देणाऱ्याची मान कशी असते ते मी तिथं बघितलं, आणि तुला चिडवायला तशी मान करून चालून दाखवायची. तू म्हणायचीस, "मान मोडंल की गं."

आपला मुलूख तेव्हा मोगलाईत. परंड्याच्या खाली सीना नदी, आणि नदीच्या पलीकडं इंग्रजी. इंग्रज गेला, तिकडं स्वराज्य आलं. अलीकडं निजामच. त्या साली धामधूम माजली. निजामाच्या बाजूची हत्यारं घेतलेली माणसं गावोगाव फिरायला लागली, शेजारच्या गावात घरं पेटल्याचा धूर आम्ही आमच्या गच्चीवरून बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी गाडी जुंपली. आईनं देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले आणि त्यावर आमच्या घरची परडी ठेवली. आमच्याही घरात परडी होतीच. कुळाची देवी तुळजापूरची, म्हणून मंगळवारी घरच्या बाईनं पाच घरी जोगवा मागायचा, मग ती पाटलीण का असेना. आमची पाच घरं भावकीतलीच ठरलेली. चिमूटभर पीठ टाकायचं, दोन गोष्टी बोलायच्या, झाला जोगवा.

राहीबाई तुळजापूरला गेलेली, वाटा बंद झालेल्या, तू घरात एकटी. आईनं तुला तुझ्या परडीसकट हाताला धरून गाडीत बसवलं. दादा म्हणाले, "ही कुठं?"

आई म्हणाली, "मग काय पोरीला इथं टाकू?"

दादांनी कासरा हातात घेतला. आई क्वचित बोलायची, पण बोलली की गाडी निघायची.

नदीत गाडी रुतली, आठवतं? भर दुपारी, गुडघाभर पाणी, खाली वाळू, मागून आणखी गाड्या. सगळे खाली उतरून चाकाला खांदा लावतायत, बैल डोळे पांढरे करतायत, आणि तू गाडीच्या दांडीवर चढून ओरडतेस, "आई राजा उदो उदो!" पाण्यातले सगळे ओरडले. गाडी सुटली. मी भ्यायला हवं होतं. मोठी माणसं भ्यालेली दिसत होती. मला मात्र जत्रेला निघाल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

पलीकडच्या गावात एका ओळखीच्या माणसानं गोठा दिला. गावी तू आमच्या ओसरीवर कधी चढली नव्हतीस, पायरीखाली बसायचीस. गोठ्याला ना ओसरी ना पायरी. आपण दोघी एकाच घोंगडीवर.

आणलेलं धान्य सरलं. दादांच्या कमरेला पैसे होते, पण मोगलाईतला हाली रुपया तिथल्या दुकानात चालत नव्हता. कुणाच्या ज्वारीच्या काढणीला बोलावलं तर दादा जायचे आणि मजुरीचं धान्य आणायचे. पण नदीपारहून आलेली माणसं इतकी, की काम रोज कुठून मिळणार? काम नसेल त्या दिवशी चूल नसायची. दादांनी आल्या आल्या बजावलं होतं, "आपल्यातलं कुणी कुणापुढं हात पसरायचा न्हाय. आपण देणारे."

तू ते ऐकून होतीस. पुढं लागोपाठ दोन दिवस चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी आईला म्हणालीस, "माय, आज मंगळवार."

"मग?"

"जोगवा चुकवायचा व्हय? देव घेऊन आलाव, नेम तिकडंच ठेवला का?"

आई तुझ्याकडं बघतच राहिली. दादा भिंतीकडं तोंड करून पडले होते, तसेच राहिले. देवीला नको कोण म्हणणार?

आई परडी घेऊन गोठ्याच्या दारापर्यंत आली आणि तिचे पाय तिथंच अडकले. भावकीत मागणं निराळं, परक्या दारात निराळं. तिनं परडी माझ्या हातात दिली. तू मला वाटेत शिकवत चाललीस. "मोठ्यानं म्हणायचं, जोगवा वाढ माय. जमिनीकडं बघायचं न्हाय, म्हंजे चोरी केल्यावानी दिसतं. तिच्या तोंडाकडं बघायचं."

पहिलंच घर, दारात बोरीचं झाड. आतून एक धिप्पाड बाई हात पुसत आली. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तू मागून ढोसलंस. आणि माझ्या तोंडातून जन्माची सवय बाहेर पडली.

"पुढं जा बाई!"

तिच्याच दारात उभी राहून मी तिलाच पुढं जायला सांगितलं!

ती म्हणाली, "आगं बया! जाऊ कुठं? घर माझंच हाय."

तू तर मटकन खालीच बसलीस. ती बाई उंबऱ्यावर टेकली, पदर तोंडाला लावला, आणि हसून हसून तिला ठसका लागला. मग डोळे पुसत मला म्हणाली, "कुण्या पाटलाची गं तू?"

तिला बरोबर कळलं. ते शब्द दाराच्या आतल्याच माणसाचे. तिनं सूपभर पीठ ओतलं, वर बोरांची ओंजळ. आपण तिचं नाव बोरीवाली ठेवलं. पुढं जन्मभर तू मला भेटलीस की दारातूनच ओरडायचीस, "पुढं जाऊ का बाई?" माझ्या सुनांना वाटायचं म्हातारीला भ्रम झाला.

त्या दिवशी मला लाज वाटायला हवी होती. मला मजा आली, सोजरे! आजवर माणसं आमच्या दारात आलेली बघितली होती, दुसऱ्याचं दार बाहेरून कसं दिसतं ते पहिल्यांदा बघितलं. कुठं सून रुसून जात्यापाशी बसलेली. कुठं नवराबायको भांडता भांडता आपल्याला बघून एकदम गोड बोलायला लागले. कुणी पीठ टाकून बोटं झटकली, कुणी परडी बघून परत आत गेली आणि आणखी मूठभर घेऊन आली. पाच घरं संपली तेव्हा मी म्हणाले, "सहावं करू या का?" तू म्हणालीस, "हावरट!"

दादांनी मंगळवारची भाकरी देवीची म्हणून खाल्ली. बुधवारी तू तुझी परडी घेऊन निघालीस, तुझ्या नेहमीच्या रिवाजानं. आणलंस, आईनं भाकरी थापल्या, ताट दादांपुढं आलं. त्यांनी ते सरकवलं.

"ही भीक हाय."

तू कंबरेवर हात ठेवून उभी राहिलीस. एवढीशी तू. "मालक, कालचं पीठ बी त्याच घरचं. चवीत फरक पडला व्हय?"

दादा शांतपणे म्हणाले, "मंगळवारी देवी मागती. बुधवारी आपण मागतो."

"मग बुधवारी देवी उपाशी ऱ्हाती का?"

आईनं तोंड फिरवलं, हसू दाबायला. दादा उठून बाहेर गेले. हे भांडण तिथं सुरू झालं, सोजरे, आणि आपण ते म्हातारपणापर्यंत पुरवलं. तू तुझ्या बाजूनं, मी दादांच्या.

आपण दोघी रोज मागायला जायचो. आईनं बघून न बघितल्यासारखं केलं. आपण खायचो, आई खायची, दादा कामाच्या दिवशी आणि मंगळवारी. एरवी पाणी. त्यांचे गाल बसले. काढणीला गेले की वाकताना हात गुडघ्यावर टेकायचे. आई एकदा म्हणाली, "हे असंच चाललं तर गावाकडं मी एकटीच जाईन." तेवढ्यावरही ते हलले नाहीत.

मग तुला ताप आला. अंग नुसतं निखारा. तू बडबडत होतीस आणि बडबडीतही मागत होतीस, "वाढ माय, वाढ." आई तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती. तुझ्यापाशी बसायला ती हवी, मला आणायला धाडावं तर मी हातपाय गाळून बसलेली. घरात पेजेला कण्या नाहीत. दादा दारात बसून सगळं बघत होते. एकाएकी उठले, पटका नीट बांधला, खुंटीवरची परडी घेतली. तुझी. आमची नव्हे. मी मागं पळाले.

बोरीवालीच्या अंगणात ते उभे राहिले. तोंडाकडं बघायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. झाडाकडं बघत खाकरले. ती बाहेर आली. पटक्याकडं बघितलं, परडीकडं बघितलं.

दादा म्हणाले, "आमच्यात एक पोरगी तापानं पडलीया. तिला पेज लागतीया."

ती म्हणाली, "मग काल का न्हाय आलात?"

"काल तोंड न्हवतं."

बाई आत जाऊन आली. कण्या, तांब्याभर दूध, फडक्यात बांधलेल्या भाकरी, सगळं परडीत ठेवलं. दादांची मान मी बघत होते. वर नव्हती आणि खालीही नव्हती. साधी होती, भारा उचललेल्या माणसासारखी.

पेज झाली. आईनं तुला उठवून बसवलं. तू डोळे किलकिले करून विचारलंस, "कुणी आणलं?"

"मालकांनी."

"मागून?"

"व्हय. मागून."

तापात तुझे डोळे कसले चमकले! "किती घरं केली?"

दादा म्हणाले, "एकच."

"पाच तरी करायची, मालक!" आणि मग तू वाटी बाजूला सारलीस. "तुमी खावा. मग म्या."

"मी न्हाय."

"मागितलं कुणाच्या नावानं? माझ्या न्हवं? मग वाटणार म्या." तू भाकरी मोडलीस. अर्धी दादांच्या तळहातावर ठेवलीस. "आज कोणता वार, माय?"

आई म्हणाली, "बुधवार."

दादांनी खाल्ली. सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मग तू पेज पिऊन झोपलीस.

निजामाचं राज्य गेलं, आपण गावी आलो. दादांनी "कुणाला सांगू नका" असं कधी म्हटलं नाही. पण दरसाल रास झाली की तुमच्या वाट्याचं सूप ते स्वतः तुमच्या दारात नेऊन ओतायचे, आणि आमच्या घरात "पुढं जा" हे शब्द परत कुणी काढले नाहीत. एवढंच. तुझे उपकार त्यांनी तोंडानं मानले नाहीत. मीही मानले नाहीत. आमच्या घराला ते वळणच नाही.

दादा गेल्यावर माझा चुलतभाऊ खळ्यावर तुला भिकारडी म्हणाला. मी माहेरी आले होते, मी ऐकलं. तुझ्या जिभेवर एक वाक्य होतं, दादांच्या मागण्याचं, त्यानं त्याची वाचा बसली असती. तू परडी उचललीस आणि निघालीस. मी मागून गाठून विचारलं, "का बोलली नाहीस?"

"मागताना माणसाचं जे दिसतं ते बाहेर सांगायचं न्हाय. सांगितलं तर उद्या दार कोण उघडंल?"

हे तू सांगितलं होतंस आणि मी ते मोडलं. मला चांगलं ठाऊक आहे.

मला भूमला दिलं. बाजाराच्या दिवशी तू एसटीनं यायचीस, बाजारभर मागायचीस, परत जाताना माझ्याकडं चहा. आणि भांडण. मी म्हणायचे, बाळूला नोकरी लागली, आता बस कर. तू म्हणायचीस, "पगार बाळूचा. भूक माझी." मी म्हणायचे, धडधाकट बाईनं मागून खाऊ नये, काहीतरी पिकवावं. तर तू बशीतला चहा फुंकत म्हणालीस, "तू काय पिकवलंस गं केशरे? रान बापाचं, मग नवऱ्याचं. तू बसून खाल्लंस. म्या निदान चालून खाल्लं."

त्या दिवशी मी तुला दुसरा कप दिला नाही. तू मागितलास. तरी दिला नाही. मग तू हसत हसत शेजारणीकडून पिऊन आलीस!

आणि शेवटच्या वेळी आलीस तेव्हा माझे गुडघे गेलेले. मी खाटेवरून सुनेला हाक मारली, "बाई, चहा दे गं." तू कान टवकारलेस. "आज कोणता वार?"

मी म्हणाले, "सून आहे माझी. हक्कानं मागते."

"म्या बी हक्कानंच मागत हुते की."

मी सुनेकडं तुझ्यासाठीही कप मागितला. पण पटलंय असंही समजू नकोस. सगळेच परडी घेऊन निघाले तर पीठ दळणार कोण, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. नेहमी विषय बदलायचीस, नाहीतर गायला लागायचीस.

तर हे सगळं मी दहाव्याला उभी राहून बोलले. माझ्या माहेरचे दोघं तोंड फिरवून निघून गेले. बाळू लालबुंद झाला. "काकू, ह्ये आजच सांगायचं व्हतं?"

"मग कधी? आता मलाच गाडीत घालून आणावं लागतंय. तुझ्या आईनं मागितलं म्हणून आम्ही जगलो. तिला आयत्यावर बसवू नकोस."

तो खाली बसला. मला वाटलं, संपलं, आता हा मला परत दारात उभी करायचा नाही. मग तो खाली बघतच म्हणाला, "मागायची. रोज मागायची. मी शाळेतून येताना तिला लांबून बघून दुसऱ्या गल्लीनं जायचो."

एवढं बोलला आणि जे काही सुरू झालं, सोजरे! माळ्याची म्हातारी म्हणाली, "माझ्या दारात कमी वाढलं तर परडी मागं घ्यायची न्हाय, तशीच धरून उभी." कुणी म्हणालं, "सुनेशी माझं वाजलं की ती बरोबर तवाच यायची, आन् दोघींना हसवून जायची." कुणी तुझी हाक काढून दाखवली. दहावा चाललाय आणि माणसं पोट धरून हसतायत! गुरुजी वैतागले. बाळू रडत होता आणि रडता रडता हसत होता. ज्यानं त्यानं तुला दिलेलं सांगितलं, पण सांगताना जो तो काही मिळाल्यासारखा बोलत होता. तू कुणाच्या घरातलं काय बघितलंस ते कधी सांगितलं नाहीस. त्यांनीच आपापली दारं उघडून सांगितलं. म्हणून म्हणते, मी तुझा नेम मोडला, पण तुझं नुकसान केलं नाही. यावरून भांडायचं असेल तर मी तयार आहे.

दादांचं तेवढं तू बघ. वर काही असतं यावर माझा विश्वास नाही, तरी असलंच तर ते तुझ्या आधीपासून तिथं आहेत. रागावले असतील. सांग त्यांना, केशरनं सगळ्यांपुढं सांगितलं आणि सांगताना तिची मान सरळ होती. मला यायची घाई नाही. तोवर तू तिथली घरं बघून ठेव, कोण वाढतं, कोण हात आखडतं. आणि तिथं कुणाला भूकच लागत नसेल, तर दिवसभर तू करतेस तरी काय गं?